घेवड्याची मतं

मतदान झालं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
लाल घेवडा देयानिराला, काळा येफेर्सनला.
बारा पोरं, एक मास्तरीण, म्हणजे मी,
आणि दारातून डोकावणारी एक कोंबडी,
जिला आम्ही निरीक्षक नेमलं.
सात लाल निघाले, पाच काळे.
रात्री तीच मतं भिजत घातली
आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी भाताबरोबर खाल्ली.
येफेर्सनने दोनदा वाढून घेतली.

आमची शाळा कोलंबियातल्या एका डोंगरउतारावर,
पहिली ते पाचवी एकाच खोलीत.
वर कॉफी, खाली कॉफी, मधे धुकं.
जिल्ह्याहून कागद आला होता:
विद्यार्थ्यांत नेतृत्वगुण रुजवा,
समाजसेवा करवून घ्या,
तीन महिन्यांत अहवाल धाडा.
रुजवा म्हणे!
जशी काही रोपं पिशव्यांतून येणार होती.

देयानिरा दहा वर्षांची, पण कागदाच्याही पुढे.
जेवणं उरकताच केळ्यांच्या खोक्यावर चढली,
वही उघडून समित्या वाचू लागली:
कोंबड्यांची. पुस्तकांची. पाण्याच्या नळीची.
आणि एक वरच्या वस्तीतल्या डॉन एलिसेओंसाठी,
ज्यांची नजर दोन हंगामांमागे गेली.
भिंतीवर तक्ता लागला.
आज सरपण, उद्या पाणी, परवा अंगण,
केलेल्या कामापुढे बरोबरची खूण.
खुणा वाढत गेल्या.
मी अहवालाचं पहिलं वाक्य
मनातल्या मनात दोनदा लिहून पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात म्हातारा स्वतःच खाली आला,
काठीने वाट चाचपत,
आणि टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.
"अंगण असं झाडता, की कोंबड्यांना
टिपायला किडा उरत नाही.
उपकार आहेत, लेकरांनो.
पण तो शीळ घालणारा कुठाय?"

कोणी बोललं नाही.
येफेर्सन बुटाची नाडी सोडत बसला होता,
जी आधीच सुटलेली होती.

मग थोडंथोडं बाहेर आलं.
वर्षभर तो शाळेआधी वर जायचा.
काम म्हणाल तर काडीचं नाही.
नुसता दगडावर बसून सांगायचा:
धुकं कुठवर चढलंय, कुणाचा मळा फुललाय,
खालच्या रस्त्याला दुधाची गाडी आहे
की नुसतीच धूळ.
मग तक्ता आला. त्यात त्याचं नाव
एकाआड एक गुरुवारी, सरपणापुढे.
नियम तो नियम, असं वाटलं त्याला.
आणि हरलेल्याने तर
तो जरा जास्तच पाळावा, असंही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं.
अकरा वर्षं मी याच खिडकीत उभी असते.

देयानिरा वहीकडे बघत राहिली.
वाटलं, रडेल, नाहीतर पान फाडेल.
तिने पेन्सिलीला जीभ लावली,
गुरुवार खोडला,
आणि तिथे काहीच लिहिलं नाही.
"उद्या मी तुझ्यामागून येते," एवढंच म्हणाली,
तेही जरा रागात.

सकाळी दोघं चढताना दिसली.
तो पुढे, शीळ घालत.
अध्यक्षबाई मागे, हात मोकळे.
मी सरपणाचं निमित्त काढून मागोमाग.

डॉन एलिसेओंनी पावलं ओळखली.
"आज एकटा नाहीस."
"आमच्या अध्यक्ष आहेत," येफेर्सन म्हणाला,
"आज त्या सांगतील."

देयानिरा ताठ उभी राहिली,
भाषणाला राहते तशी.
"समोर डोंगर आहे."

"तो असतोच गं तिथे.
आज त्याच्यावर काय आहे?"

तिने तोंड उघडलं, मिटलं.
मग कपाळाशी हात आडवा धरून
पाहू लागली.
आम्ही तिघं थांबलो.